बंद गाडी चालेल, अपुरी नको

'काका, नमस्कार. मी २९ वर्षांचा, राहायला कसबा बावड्यात, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) काम करतो. रोज जायला-यायला स्प्लेंडर आहे. वडिलांकडे येझदी मोटरसायकल होती, मी शाळेत असताना त्यांनी ती विकली. तेव्हापासून डोक्यात आहे. आता दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही येझदी रोडकिंग. एक कागलला, १९९३ ची. रंग नवा, पहिल्या किकला पेटते, पासिंग २०२८ पर्यंत. ८५ हजार सांगतात. आधी ती कुरुंदवाडला होती म्हणे. साइड कव्हर नाहीत, मीटर बंद आहे, कार्बोरेटर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा आहे; पण मालक म्हणतो हे किरकोळ, मिळून जाईल. दुसरी गडहिंग्लज तालुक्यात एका गोठ्यात कित्येक वर्षं उभी आहे, १९८९ ची. बंद. किक खाली जात नाही. पण सगळं जागच्या जागी आहे. ४० हजार. पासिंग २०१९ ला संपलंय आणि ज्यांच्या नावावर आहे ते आजोबा वारलेत. बायको म्हणते दोन्ही नकोत, एक भंगार आहे आणि दुसरं रंगवलेलं भंगार. कुठली घेऊ? आणि पार्ट मिळतात का, कुठं मिळतात?'

तुमच्या बायकोचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. 'रंगवलेलं भंगार' हा शब्द तीस वर्षांपूर्वी मला कुणी दिला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते.

उत्तर आधी देतो, मग कारणं. गडहिंग्लजची घ्या, पण कागद जुळत असतील तरच. नाही जुळले तर कागलच्या गाडीकडं वळू नका, तिसरी शोधा. येझदी आपल्या भागात अजून आहेत. घाई फक्त विकणाऱ्याला असते.

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'पेटते का?' मी विचारतो, 'पुरी आहे का?' त्यामागं साधा हिशेब आहे. गाडीतलं जे झिजतं ते बाजारात मिळतं, कारण ते प्रत्येकाचं झिजतं, प्रत्येकाला लागतं, म्हणून कुणी ना कुणी ते बनवत राहतं. पिस्टन, रिंग, कनेक्टिंग रॉडचा किट, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, चेन, केबल, रबरं. येझदी बनवणारा मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी हा माल आजही मिळतो. जे झिजत नाही ते मात्र सहसा कुणी धड बनवत नाही. साइड कव्हर आयुष्यात एकदाही बदलावं लागत नाही; म्हणून ते दुकानात सहसा नसतं, आणि हरवलं की हरवलं. मीटर, मूळचा कार्बोरेटर, मॅग्नेटो, टूलबॉक्सचं झाकण, टाकीवरचा बिल्ला, हेडलाइटचा डूम (मागची वाटी), स्विच, मूळच्या सायलेन्सरची जोडी हे सगळं त्याच वर्गातलं. इंजिनाचे दोन्ही केसिंग, म्हणजे बाहेरच्या कवचाचे दोन अर्धे, तर कारखान्यात जोडीनं मशीन केलेले असतात. एक फुटला आणि दुसऱ्या गाडीचा अर्धा बसवला तर क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची, रेषा जुळेलच असं नाही. हे सीएनसीवाल्याला मी समजावणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं, पण विकणारा तुम्हाला 'किरकोळ' म्हणून सांगतोय ते नेमकं हेच.

माझ्याकडच्या गाडीचं डावं कव्हर नव्हतं. घेताना मालक मलाही म्हणाला होता, मिळून जाईल. मिळालं, दीड वर्षानं, इस्लामपूरच्या एका गॅरेजात. मेस्त्री त्यात नट-बोल्ट ठेवायचे. ते त्यांना रिकामं करायला लावून, वर चहा पाजून, किमतीची घासाघीस न करता घेऊन आलो, कारण घासाघीस करायला माझ्या बाजूला काही शिल्लकच नव्हतं.

म्हणून कागलच्या गाडीचा हिशेब ८५ हजार नाही. ८५ हजार, अधिक दोन कव्हरं, अधिक मीटर, अधिक कार्बोरेटर, अधिक तुमचे अनेक रविवार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बहुतेक अशाच गाड्यांवरून आली असावी. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला तर गाडी पेटते, हे खरं. पण त्याचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) या इंजिनाला कमी पडत असेल तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, कारण ऑइल पेट्रोलातूनच जातं. गावात फिरवताना काही कळत नाही. कागलहून निपाणीकडं सरळ रस्त्याला तिला पाच-दहा किलोमीटर पळवली की कळतं.

'पहिल्या किकला पेटते' याचंही फार कौतुक करू नका. बाजारात म्हैस विकायला आणणारा आदल्या दिवसाची धार काढत नाही, कास तटतटलेली दिसावी म्हणून. गाडीवालाही तुम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो. न सांगता जा, आणि गेल्या गेल्या हात सिलिंडरच्या फिनवर, म्हणजे बाहेरच्या पात्यांवर, ठेवा. कोमट लागलं तर 'चहा घेऊ या' म्हणा आणि तास-दीड तास बसा. कागलच्या माणसाला चहाला नाही म्हणता येणार नाही. थंड झाल्यावर मग किक मारा. गाडी पेटल्यावर रेस सोडून दिली तरी इंजिन वरच्याच आवाजात राहत असेल, खाली यायला वेळ घेत असेल, तर क्रँकचं ऑइल सील हवा ओढतंय. पांढरा, दाट, थांबतच नाही असा धूर आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत असेल तर दुसऱ्या बाजूचं सील गेलंय, ऑइल आत जळतंय. दोन्हीला इंजिन उघडावं लागतं. म्हणजे चालू गाडीचे पैसे द्यायचे आणि काम बंद गाडीचं करायचं.

आता तुम्ही सहज लिहून गेलात ते कुरुंदवाड. ती गाडी तिथं कधी होती हे विचारलंत का? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी शिरोळ तालुक्यात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. बावड्यातही पाणी बघितलंयत. कृष्णा-पंचगंगेच्या त्या कोपऱ्यातली कुठलीही गाडी मी आधी बुडालेली धरतो आणि मग बुडाली नसल्याचा पुरावा शोधतो. नव्या रंगाचा संशय मला त्यासाठीच येतो. पुराचा गाळ रंगानं झाकतो, पण जिथं ब्रश पोचत नाही तिथं तो बसून राहतो. हेडलाइट उघडून डूमच्या तळाला बोट फिरवा. सीट काढा, टाकीखालच्या पाइपच्या सांध्यात बघा. एअर फिल्टरच्या डब्याचा कोपरा, चाकाच्या हबच्या आतली बाजू, वायरिंगच्या काळ्या टेपखालची घडी. बारीक, पिवळट, साबणासारखा गुळगुळीत चिखल दिसला तर नमस्कार करून निघा. पाणी इंजिनात दोन दिवस जरी राहिलं तरी क्रँकच्या बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडतात. गाडी नंतर चालतेही, सहा महिने, आणि मग तो घरघर आवाज सुरू होतो.

दोन्ही गाड्यांना लागू असलेली एक तपासणी: चेसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फोटो काढा, आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडा. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या खुणा, वेल्डिंग, किंवा एखादाच आकडा वेगळ्या पंचाचा दिसला तर किंमत कितीही कमी असो, बोलणं तिथंच संपवा. इंजिन बदललेलं असेल तर ती नोंद बुकावर हवी.

गोठ्याकडं येऊ. 'सगळं जागच्या जागी' हे तुम्ही लिहिलंत म्हणून मी गडहिंग्लजला कौल दिला, पण गोठा ही गाडीला तशी वाईट जागा. जनावरांच्या मुताचा अमोनिया तांब्या-पितळेला आणि झिंकला खातो. वायरिंगची टोकं हिरवी पडतात, स्पोक आणि रिम खडबडीत होतात. शेजारी युरियाची पोती असतील तर आणखी वाईट. सीटमध्ये उंदरांचा संसार असणारच, तो धरूनच चाला. चेसीचं मात्र बारकाईनं बघा: चिमट्याचा सांधा, मडगार्डचे पाय, स्टँडची जागा. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. पत्र्यावरचा गंज काढता येतो. पाइप आतून कुजला असेल तर तो विषय वेगळा.

किक जात नाही म्हणजे पिस्टन धरलाय असंच नव्हे. जावा-येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच, त्याच्या आतलं यंत्र अडकलं तरी किक हलत नाही. मुख्य म्हणजे अंगाचा भार देऊन किकवर उभे राहू नका. शाफ्टचे दाते गेले तर तो खर्च तुम्हीच स्वतःला करून घेतलेला असेल. गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, गिअर टाका आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवा. चाकाबरोबर पिस्टन हलला तर दोष किकच्या बाजूला. नाही हलला तर प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल आणि डिझेल सोडा, दोन-चार दिवस राहू द्या, रोज चाक हलवा. पिस्टन खाली असेल तर तेल पोर्टमधून सायलेन्सरला वाट धरेल, म्हणून परत परत थोडं थोडं सोडायचं. मालक याला तयार नसेल तर पिस्टन धरलाय असं समजूनच किंमत बोला. धरलेल्या पिस्टनची भीती बाळगू नका. बोअर होतो, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करता येतो; अगदीच वाईट असेल तर नवी स्लीव, म्हणजे आतली नळी, बसते. आणि पिस्टन सुटला म्हणून आनंदानं लगेच पेटवायलाही जाऊ नका. बोअरमधला गंज सॅंडपेपरसारखा फिरतो आणि बेअरिंगवरचा गंज आपल्याला दिसतच नाही. इतकी वर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकचं इंजिन एकदा पूर्ण उघडायचं, क्रँक, बेअरिंग, सील बघायचं, मग पेटवायची. हा खर्च ४० हजारांच्या सौद्यात आधीच धरून चाला. मी तर गाडीच्या किमतीइतकीच रक्कम बाजूला काढून ठेवतो आणि तिला हात लागला नाही असं आजवर झालेलं नाही.

कागदांना मी मुद्दाम मधे आणलं, कारण खरी अडचण तिथं आहे. ज्यांच्या नावावर गाडी आहे ते वारलेत, म्हणजे आधी वारसाच्या नावावर नोंद: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. गावाकडं चार भाऊ, दोन बहिणी असतात आणि त्यातला एक मुंबईला असतो. त्याची सही सगळ्यात शेवटी येते. मग वारसाकडून तुमच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. त्यात पासिंग संपलेलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, म्हणून १९८९ च्या गाडीचं २०१९ ला संपलं हे गणिताला धरून आहे. पासिंगला गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणजे आधी चालू करावी लागते, आणि ती तोवर तुमच्या नावावर नसते. तेव्हा साध्या सांगण्यावर पैसे आणि घाम घालू नका. विसार देऊन लेखी करार करा, त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, आणि उरलेली रक्कम नाव बदलल्यावर असं लिहा.

आणखी एक आकडा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमात पासिंगला उशीर झालेल्या दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा शुल्क आहे. तिथपासूनच धरलं तरी पाच आकडी रक्कम होते. शिवाय २० वर्षांवरच्या दुचाकीच्या पासिंगचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये केलं गेलं, आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणून सौदा पक्का करण्याआधी त्या नंबरावर एकूण किती देणं चढलंय ते आपल्या आरटीओत विचारून आकडा घ्या आणि तो ४० हजारांतून वजा करायला लावा. मालकाला हे बहुतेक माहीतच नसतं. त्याच फेरीत नंबर संगणकावर आहे का तेही बघून घ्या. जुनी बुकं कधी कधी चढवलेलीच नसतात, मग ती बॅकलॉगची नोंद आधी करून घ्यावी लागते. बुकावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद मागा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा काढायला कुणी गेलेलं नसतं, आणि आता ती पतसंस्था कुठल्या बँकेत विलीन झाली ते शोधत बसावं लागतं.

बाकी कागदांचं फार अवघड नाही. पीयूसीची भीती घालतात, पण २००० च्या एप्रिलआधीच्या दुचाकीला मर्यादाही जुनीच आहे, कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के. कार्बोरेटर नीट लावलेली येझदी त्यात बसते. थर्ड पार्टी विमा आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट लागेलच. कुणी 'व्हिंटेजमध्ये नोंदवा, सगळं सोपं होतं' म्हणेल, तर ती सोय ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे, शुल्क २० हजार, आणि ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. तुमच्या कामाची नाही.

आता पार्ट. दुकानदाराला 'येझदीचं बेअरिंग द्या' म्हणून सांगू नका. जुनं बेअरिंग काढा, कडेवरचा आकडा वाचा, ६२०४, ६३०५ असा काही तरी, आणि तो आकडा घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. बेअरिंगला गाडीचं नाव नसतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की भोकाचं माप निघतं, हे तुमच्या शॉपमधल्या पोरालाही माहीत असेल. क्रँकसाठी घेताना त्यापुढं 'सी३' आहे का बघा. आत खेळ (मोकळी जागा) थोडा जास्त असतो, तापल्यावर तो लागतो. ऑइल सीलचंही तसंच, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. मात्र सील चांगल्या कंपनीचंच घ्या. टू-स्ट्रोकचं सगळं दुकान त्या दोन सीलांवर चालतं आणि तिथं पन्नास रुपये वाचवणारा माणूस मला अजून समजलेला नाही.

बुश, स्पिंडल, स्पेसर, कव्हरचे पेच हे तर तुम्ही स्वतः करू शकता. गाडी कोल्हापुरात घेण्याचा खरा फायदा हाच. शिवाजी उद्यमनगरात सकाळी क्रँक घेऊन गेलात तर प्रेस करणारा, बोअर करणारा, लेथवाला, लायनर चिकटवणारा सगळे पायी फिरण्याच्या अंतरात. ऑइल इंजिनांवर आणि ओतकामावर वाढलेलं ते गाव आहे. येझदीचं सिलिंडर त्यांना नवीन नाही.

पण तिथं जाताना माझ्यासारखं करू नका. मी घाईत आधी सिलिंडर टाकून आलो, 'पुढच्या साइजला करा' म्हणून, आणि पिस्टन नंतर आणला. बोअर आकड्याप्रमाणं बरोबर, पिस्टन त्याच्या डब्यावरच्या आकड्याप्रमाणं बरोबर, आणि दोघं एकमेकांना घट्ट. पन्हाळ्याच्या चढाला वाघबीळच्या पुढं पिस्टन धरला, मागचं चाक जागेवर थांबलं. क्लच दाबला म्हणून हातपाय शाबूत. तेव्हा पिस्टन आधी घ्या, तो मायक्रोमीटरनं मोजा, बोअर करणाऱ्याच्या हातात द्या, आणि 'टू-स्ट्रोक आहे, याला धरून खेळ ठेवा' असं सांगा. मागं किती वेळा बोअर झालाय तेही बघून ठेवा. जुन्या पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला की ओव्हरसाइजचा आकडा बहुतेक दिसतो. शेवटची साइज असेल तर नवी स्लीव धरूनच चाला.

दुर्मिळ मालासाठी मात्र फिरावं लागतं. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत आणि जुना बाजार रविवारी-बुधवारी भरतो; तिथं मिळेलच असं नाही, पण मिळतं तेव्हा तिथंच मिळतं. मैसूर-बंगळूरकडं जावा-येझदीचा जुना माल अजून निघतो. बनवलेला डुप्लिकेट पत्रा, म्हणजे मडगार्ड, टाकी, क्रोम केलेले रिम, फोटो बघून मागवू नका. पातळ असतो, भोकं जुळत नाहीत, आणि पहिल्या पावसाळ्यात क्रोमखालून गंज फुटतो. मूळचा गंजलेला मडगार्ड डेंटिंग करून घेतलेला बरा. २०२२ मध्ये नव्यानं आलेल्या येझदीचे पार्ट जुन्याला लागतील असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ते ३३४ सीसीचं फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं इंजिन आहे, नावापलीकडं दोघांचं नातं नाही.

सगळ्यात जास्त माल मला माणसांकडून मिळाला. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले देशभर गाड्या बाहेर काढतात. अजून गाडी नसली तरी त्या दिवशी स्प्लेंडरवर जा. कुणाची गाडी बघून नुसतं 'भारी' म्हणू नका, 'हे मीटर कुठून केलं?' असं विचारा. तो माणूस तुम्हाला सोडणार नाही. प्रत्येकाच्या घरी एक पोतं असतं, दोन गाड्यांतून एक उभी केल्यावर उरलेलं, आणि त्या पोत्यातलं त्याला लागत नसलेलं नेमकं तुम्हाला हवं असतं. पैशानं द्यायला तो तयार होत नाही, बदल्यात देतो. म्हणून तुमच्या गाडीतून निघालेलं जुनं काहीही भंगारात घालू नका, झिजलेलं स्प्रॉकेटसुद्धा.

पेट्रोलचं एक. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळं पेट्रोल कॉकची आणि कार्बोरेटरची रबरं नवी टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. ऑइल लिटरला ३० ते ४० मिली, टाकीत ओतण्याआधी बाटलीत मिसळून. कामावर जायला स्प्लेंडरच ठेवा. शिफ्टला उशीर झाल्यावर येझदीवर प्रेम करणं कुणालाच जमत नाही. आणि घरात सांगताना खर्चाचा खरा आकडा सांगा, दोन हप्त्यांत नको.

गडहिंग्लजहून गाडी आणायला छोटा हत्ती करा, उभी बांधून आणा, आडवी टाकू नका. पण निघण्याआधी त्या घरातल्या आजींना विचारा. गाडी उभी करताना आजोबांनी बॅटरी काढली असेल, दुसरी किल्ली, टूलकिट, पंप, कदाचित वापरून बाजूला ठेवलेला एखादा प्लग-पॉइंट कापडात गुंडाळून ठेवला असेल. पोरांना त्यातलं काही माहीत नसतं. गोठ्याच्या माळ्यावर नाही तर देवघराशेजारच्या कपाटात बघायला सांगा.